कानसेनाची सपाट रेघ

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही. दिवसभर विम्याच्या कचेरीत खर्डेघाशी करायची आणि घरी आलं की हॉलमधल्या दोन उंच स्पीकरांपुढे बसायचं, हाच त्याचा संसार. बसून गाणी ऐकत असेल असं वाटेल, पण छे! गाणी कमी, मोजणी जास्त. कानाच्या उंचीवर मायक्रोफोन ठेवायचा, स्पीकरमधून खालच्या घुमाऱ्यापासून वरच्या शिट्टीपर्यंत चढत जाणारा आवाज सोडायचा, आणि कुठला सूर खोलीत जास्त होतो, कुठला कमी पडतो, ते लॅपटॉपवरच्या रेघेत बघायचं. रेघ सपाट हवी. याची कधी होत नसे. घुमाऱ्यापाशी तिला एक टेंगूळ यायचं, आणि त्या टेंगळापायी त्याने सोफा हलवला, गालिचा आणला, स्पीकर बोटबोट सरकवले. लग्नही केलं नाही. बायको नेमकी कुठे बसवली म्हणजे आवाज बिघडणार नाही, हे ठरलं नसावं.

अशा घरात आप्पा आले. आप्पा म्हणजे त्याचे वडील. अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली, पण डोकं शाबूत. आजवर लेकीकडे होते. जावयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा तिने त्यांना खाटेसकट आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून करून घेतलेल्या दोन जाड कापसाच्या गाद्यांसकट भावाकडे आणून सोडलं. आतल्या खोलीत खाट मावेना, म्हणून हॉलच्या कोपऱ्यात टाकली. कानसेनाचा नुसता तिळपापड झाला. जमेल तितक्या लवकर यांना घेऊन जा, असं त्याने बहिणीला आप्पांच्या देखतच बजावलं. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

खाटेने आवाजाचं कसं वाटोळं केलं हे बहिणीला दाखवता यावं, म्हणून त्याने मोजणी घेतली. आणि रेघ सपाट! टेंगूळ गायब. तो बघतच राहिला. पुन्हा मोजलं, तेच. मग उठून त्याने आप्पांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. बापाला हात लावायची ती किती वर्षांनी आलेली वेळ, कोण जाणे.

तिथून आप्पांचं नशीब पालटलं. पोरगा वेळेवर चहा देऊ लागला, दाढी करून देऊ लागला. खाटेचे पाय टेकले होते तिथे त्याने फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. "इथून हलायचं नाही हं आप्पा," म्हणाला, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मोजणी चालू असली की पंखा बंद, खोकायचं नाही, कूस बदलायची नाही. आप्पा घामाने निथळत, श्वास धरून पडून राहत. घशाशी आलेला खोकला गिळून टाकत. पोराला आपण हवे आहोत, एवढ्या एका गोष्टीवर ते सगळं गोड मानून घेत. भेटायला येईल त्याला सांगत, "सोडतच नाही हो मला."

जावई बरा झाला आणि लेक न्यायला आली. आप्पा नाही म्हणाले. त्याला करमायचं नाही गं माझ्याशिवाय, म्हणाले. तिला बरं वाटायला हवं होतं. पण इतकी वर्षं हगणं-मुतणं काढलं तिने, आणि कौतुक कुणाचं, तर याचं! ती मनातून चरफडली. स्वयंपाकघरात नेऊन तिने भावाला खोदून विचारलं. त्यानेही काही लपवलं नाही. उलट लॅपटॉप आणून हौसेने दोन्ही रेघा दाखवल्या, आधीची आणि आताची. ती हसली. ते हसणं काही बरं नव्हतं.

"अरे, हे गाद्यांमुळे असेल," ती म्हणाली. "आप्पांना बाहेर बसवून मोज की एकदा."

माणसाच्या अंगानेही फरक पडतो, असं तो पुटपुटला. पण शंका शिरली ती शिरलीच. दोघांनी मिळून आप्पांना उचललं आणि दाराबाहेर खुर्चीत बसवलं. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. दार लागलं. आतून तो चढत जाणारा आवाज आला आणि थांबला. बाहेर आप्पा सवयीने श्वास धरून बसले होते.

दार उघडलं. रेघ तसूभरही हलली नव्हती.

"मग आप्पांना ने तू," कानसेन बहिणीला म्हणाला. "गाद्या मात्र राहू देत."

आता ती भांडायला उठली. पाठ सोलून निघेल त्यांची, म्हणाली. नव्या करून घे, तो म्हणाला, या इथे बरोबर बसल्यात. ती बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिचं लक्ष आप्पांकडे गेलं. आपण हे काय करून बसलो, ते तिला तेव्हा कळलं.

आप्पांनी आधी पोराकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या खाटेकडे. जन्मात कुणापुढे नमतं न घेतलेला माणूस तो, पण आवाज अगदी गयावया केल्यासारखा निघाला.

"उशी लागेल का रे तुला?"

कानसेन विचारात पडला. खरोखरच विचारात पडला.

"ठेवा सध्या," म्हणाला. "मोजून सांगतो."