एक ‘व्हय म्हाराजा’ कमी

“तुझ्या चेडवाची गिटार मुकी आसा काय रे?”

दगडी गडग्यापलीकडून दाजी माझ्या बाबांना विचारत होते. चेडू म्हणजे त्यांची मुलगी, मी; आतल्या खोलीत होते, हेडफोन एका कानावरून सरकलेला.

“मुकी नाय ओ. ती कानाक लावन वाजवता. भायर आवाज येणा नाय.”

“म्हणजे आपणच वाजवता नि आपणच आयकता? जेवाण तरी माणूस चार जणांत जेवता रे!”

दाजी आमचे शेजारी, बसचे निवृत्त कंडक्टर. ते हळू बोलले तर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं; मोठ्याने बोलले तर बंदरावर. आणि त्यांच्या देखत कुठलीही नवी वस्तू गाऱ्हाणं घातल्याशिवाय वापरात येत नसे. विहिरीवरचा पंप, सुनेची स्कूटी, सगळ्यांपुढे नारळ ठेवून ते देवाला हाक मारत. वायफायच्या डब्यासाठीही मारली होती: “बा देवा म्हाराजा, ह्या डब्यातसून जा काय येता ता दिसणा नाय, पण येवंदे. रेंज जावची नाय असा कर रे म्हाराजा!” आणि जमलेले सगळे म्हणत, “व्हय म्हाराजा!”

सगळे म्हणजे मी सोडून. मी इंग्रजी शाळेतली. मालवणी माझ्या तोंडात वाकडी व्हायची आणि वाडीतली मुलं हसायची, म्हणून मी नुसते ओठ हलवायचे. इतक्या आवाजांत ते कुणाला कळणार? दाजींना कळायचं. ते थांबत आणि म्हणत, “येक व्हय म्हाराजा कमी पडता. गो, तुझो खंय गेलो?” मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायचे.

गिटार मी पहिल्या पगारातून मागवली. मेटल वाजवायला शिकणाऱ्या नवशिक्यांसाठीची, स्वस्तातली. काळी, जड, मानेच्या कडेला हात फिरवला तर पट्ट्या बोटांना बोचणारी. पण जाड तारेचा सूर अजून खाली उतरवून, तिच्यावर तळहाताची कड टेकवून वाजवली की छातीत कुणीतरी दार आपटल्यासारखं व्हायचं. एवढा मोठा आवाज माझ्या हातातून निघू शकतो, हे फक्त मला आणि हेडफोनला माहीत होतं.

पहिल्याच दिवशी दाजी नारळ घेऊन आले. “मेटल म्हणजे लोखंडाची?”

“नाही दाजी, संगीताचा प्रकार आहे.”

“पण तारो लोखंडाच्योच मां? खाऱ्या वाऱ्यान गंजतल्यो.”

हे त्यांनी मनावर घेतलं. एका दुपारी मी गिटार पडवीत ठेवून जेवायला गेले. परत आले तर दाजी तारांना खोबरेल चोळत बसले होते. आडाळ्याच्या, म्हणजे विळीच्या, पात्याला लावतात तसं, पुसून पुसून, मन लावून. मी तार छेडली. ओल्या सुंभासारखा आवाज आला. मला रडू येत होतं. दाजींचं हसू उतरलं.

“चुकलंय मां? गाळी घाल गो माका. पण बोल काय तरी!”

मी गिटार उचलून आत गेले. नव्या तारा पार्सलने आल्या तेव्हा तेच येऊन उभे राहिले. “आता भायर आवाज काढ. माझ्या तेलान काय बिघडलेला ता माका आयकूचा आसा.” मी गिटारचा छोटा स्पीकर, अँप, त्यांच्या पडवीत नेला आणि पहिल्यांदा हेडफोनशिवाय वाजवलं. कोंबड्या पळाल्या. दाजी डोळे मिटून बसले होते.

“देवचार चालता तसा वाटता गो!”

गावाची राखण करणारा देवचार काठी आपटत वेशीवरून जातो, असं आमच्याकडे मानतात. याहून मोठी शाबासकी मला अजून कुणी दिलेली नाही. दुसऱ्या दिवशी मासळी बाजारातली बाई मला सुरमई देताना म्हणाली, “देवचार चालवणारा चेडू तूच मां?”

वाडीच्या सत्यनारायणाला मी वाजवणार, हे दाजींनीच जाहीर केलं. “देवापुढे ही धडधड?” असं कुणीतरी म्हणालं, तर ते उसळले, “दशावतारात राकीस येता तेव्हा काय पोरांची पेपारी वाजयतत? चेडू वाजयतला. नि गाराणा मी घालतलंय!”

मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. परत येईल की नाही, डॉक्टर सांगेनात.

पूजेच्या संध्याकाळी मी गिटार गळ्यात अडकवून मंडपात उभी राहिले. अँपपुढे नारळ ठेवलेला होता. गाऱ्हाणं कोण घालणार? म्हातारे एकमेकांना कोपर मारू लागले. “तू घाल.” “मी नाय बाबा, तू.” गाऱ्हाण्यावाचून सुरुवात कशी करायची? “जावंदे, आरती करून घेवया,” मागून कुणीतरी म्हणालं. आरती झाली की लोक जेवायला उठले असते.

दाजी पहिल्या रांगेत होते, गळ्याला पट्टी. ते उठले, नारळाकडे बघून हात जोडले, तोंड उघडलं. नुसते ओठ हलले. इतक्या माणसांत ते माझ्याइतकं कुणाला ओळखू येणार होतं?

मी माईक ओढून घेतला. मालवणी वाकडी तर वाकडी.

“बा देवा म्हाराजा! ही गिटार स्वस्तातली आसा, वाजवणारा चेडू भित्रा आसा, तरी आज दोघांकय वाजांदे. नि आज येक व्हय म्हाराजा कमी पडतलो, तो आमच्या दाजींचो. तो माझ्या आवाजात धरून घे रे म्हाराजा!”