शुक्रवारच्या ओळी

श्रीवर्धनच्या मच्छीमार सोसायटीत फहाद कॉम्प्युटर सांभाळायचा. दोहाला आठ वर्षं सर्व्हर राखून तो गावी परतला होता आणि नीटनेटकेपणाचा सोस तिथूनच घेऊन आला होता. घरातल्या मासळीच्या टोपल्यासुद्धा उंचीप्रमाणे लावायचा. वडील, हमीद, हसायचे, "आमी दर्यावर, आन हा बसलाय उंटावरून शेळ्या हाकत!"

हाकत होता हे खरंच. सोसायटीने प्रत्येक होडीवर एक पेटी बसवली होती. दर अर्ध्या तासाला ती ठावठिकाणा कळवायची. अडचणीत बटण दाबलं की ओळीच्या शेवटी 'मदत' उमटायचं. काळ्या पडद्यावर दिवसाला दोन हजार ओळी पडत. माणूस वाचणार तरी किती? फहादने कॉम्प्युटरच्या आज्ञांची साखळीच रचली. ग्रेप हव्या त्या ओळी निवडायचं, सेड कचरा पुसायचं, ऑक होडीचं नाव, वेळ आणि निरोप तेवढा उचलायचं. शेवटी एक पान उरायचं. चेअरमन खूश आणि फहाद त्याहून खूश.

त्यातच त्याने शुक्रवार गाळून टाकला. सोसायटीच्या सगळ्या होड्या मुसलमान मोहल्ल्यातल्या, आणि जुम्म्याला त्यातली एकही दर्यावर जात नाही, ही बापजाद्यांची रीत. खाडीत बांधलेल्या होड्यांच्या पेट्या मात्र दिवसभर तेच ते बडबडत. हा वार नको, एवढं ग्रेपला सांगितलं की झालं. मोहल्ल्यात वाढलेल्या कुणालाच यात चूक दिसली नसती.

एका गुरुवारी हमीद पहाटे एकटेच गेले, ते संध्याकाळी परतले नाहीत. घरी कुणी घाबरलं नाही. उशीर झाला की ते वाटेतल्या एखाद्या बंदराला लागत आणि जुम्म्याची नमाज तिथेच पढत. शुक्रवारी सकाळी फहादने पान काढून पाहिलं. 'मदत' कुठेच नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला. वार गाळल्याचं त्याला आठवलंही नाही. तीन वर्षांत साखळी उघडून बघायची वेळच आली नव्हती.

शनिवारी दिवेआगरच्या बाजूला होडी सापडली, उपडी. हमीद सापडले नाहीत.

फहाद ऑफिसात गेला. साखळी न लावता त्याने सगळ्या ओळी उघडल्या. शुक्रवार, पहाटे पाच चाळीस, मदत. सहा दहा, मदत. अशा खाली खाली उतरत गेलेल्या. शेवटची ओळ दुपारी बारा दहाची. तेव्हा तो जुम्म्यासाठी आंघोळ करत होता. त्याला स्वतःची किळस आली.

घरी आई, मासूमा, बायांच्या घोळक्यात बसली होती. त्याला पाहताच तिने विचारलं, "तुज्या त्या पेटीवर त्यांनी हाक मारली व्हती का रे?"

नाही म्हणायचं, असं तो वाटभर घोकत आला होता.

"चौदा वेळा, अम्मी," फहाद म्हणाला.