कसा लाल?

पीएच कागदाची पट्टी बुडवली की सर तिच्याकडे बघत नसत. वर्गाकडे बघत. "सांगा, कोणता रंग?" मुलं ओरडत, "लाल!" तेवढ्यानं भागत नसे. "कसा लाल?" मग कोणी म्हणे कुंकवासारखा, कोणी म्हणे वाळल्या मिरचीसारखा. सर मान डोलवत. "बराबर. म्हंजे आम्ल."

जाफराबादजवळच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी गणित. मुलांना बोलतं करणारे असे एखादे सर तुम्हालाही लाभले असतील. आमच्याकडे सगळे त्यांच्या या पद्धतीचं कौतुक करत. खरी गोष्ट अशी, की सरांना लाल आणि हिरवा वेगळा दिसतच नसे. निळा मात्र नीट दिसे. चुन्याच्या निवळीत पट्टी निळी झाली की "बघा, अल्कली!" म्हणून स्वतःच सांगत. लिंबाचा रस आला की वर्गाला विचारणं आलं.

मला हे बाजारात कळलं. पिकलेले समजून त्यांनी पिशवीत निम्मे हिरवे टमाटे भरले होते. मी हसलो, ते हसले नाहीत. एसटीची वाट बघताना म्हणाले, "कोणाला बोलू नका सर. विज्ञान काढून घेतील माझ्याकडून. मंग मी काय करू?" प्रयोगाच्या टेबलाशिवाय हा माणूस उभा राहणार कुठे, ते मलाही सुचेना. मी ते कोणाला सांगितलं नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी एका वाटीत स्वतःच काहीतरी ओतलं, पट्टी बुडवली आणि म्हणाले, "मुलं नकोत. सर, तुम्हीच सांगा." मी दाराशी उभा होतो. सरांचा चेहरा उतरला. ते तोंड उघडणार तेवढ्यात अख्खा वर्ग ओरडला, "लाल! कुंकवासारखा!"

साहेब भडकले. मुख्याध्यापकांनी सगळ्या वर्गाला मैदानात उभं केलं. सर खिडकीतून बघत राहिले. "उगंच ओरडली लेकरं," एवढंच म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत सर झोपेतच गेले. फोन आला तेव्हा मी शर्टाची बटणं लावत होतो. ऐकून घेतलं आणि राहिलेली बटणं लावली. जाऊन आलो. काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही वाटत नाही. कोणी विषय काढला की म्हणतो, चांगला माणूस होता, आणि चहा घेतो.

सुट्टी संपल्यावर विज्ञान माझ्याकडे आलं. पहिल्याच तासाला लिंबू पिळलं, पट्टी बुडवली आणि सांगून टाकलं, "हा बघा, लाल."

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुमाला दिसतो?"

"म्हणजे?"

"त्या सरांना दिसत नव्हता. आमाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर आमी मोठ्यानं सांगायचो."

"मग त्यांना कधी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर त्यांनी विचारायचंच बंद केलं असतं ना."

मी दुसरी पट्टी काढली. बुडवली. तिच्याकडे न बघता वर्गाकडे तोंड केलं.

"सांगा, कोणता रंग?"

"लाल," वर्ग हळूच म्हणाला.

"कसा लाल?"

कोणीच काही बोललं नाही.