आक्का दारात उभी

कोर्टात मला एक इंग्रजी शब्द लावला: ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’. शहापुरात दारूच्या दुकानापुढं धरणं धरून बसलो, एवढाच गुन्हा. वकील म्हणाले, “म्हणजे अडथळा करणारा, वाटेत आडवा येणारा.” मी विचारलं, “कुणाच्या वाटेत?” ते म्हणाले, “तेवढं शब्दात येत नाही.”

कसं येईल? ज्याला पुढं जायचंय तोच हा शब्द दुसऱ्याला चिकटवतो. गोरं सरकार सभा बंद करतं, छापखान्याला टाळं ठोकतं, तरी ते कधी ऑब्स्ट्रक्टिव्ह ठरत नाही. आडवे आम्हीच.

तुरुंगात मात्र हा शब्द आठवला की सरकार बाजूला राही आणि माझी थोरली बहीण समोर येई. निपाणीजवळच्या आमच्या घरातून सकाळी पत्रकांची पिशवी घेऊन निघालो, की आक्का दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी.

“न्याहारी न करता कुठं निघालास रं, पुढारी?”

“सरक आक्का, येळ झालाय.”

“मला ढकलून जा की. पोलिसाला भीत न्हाईस, मला भितोस व्हय?”

भाकरी खाल्ल्याशिवाय सुटका नसे. तेव्हा लई चिडायचो. कोठडीचं दारही मला अडवत होतंच. पण मी उपाशी आहे की जेवलोय, याची त्या दाराला काय पडली होती? कुणीतरी पुन्हा तसं आडवं यावं, असं वाटून जीव कासावीस व्हायचा.

आक्काचं लग्न झालं तेव्हा मी तुरुंगातच होतो. सुटलो आणि थेट चिकोडीला तिच्या घरी गेलो. दाजी सरकारी शाळेत मास्तर. माझ्यापायी त्यांची चौकशी झाली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

आक्का दारात आली. दोन्ही हात चौकटीला.

“आत येऊ नगं रं. तू आलतास असं कळलं तर ह्यांची नोकरी जाईल.”

माझ्याकडं पत्रकभर उत्तर होतं.

“पाणी तरी दे,” म्हणालो.

ती आत गेली. दार सताड उघडं. खुंटीवर दाजींचा कोट, चुलीपाशी मांडलेला पाट, सगळं दिसत होतं. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

तांब्या घेऊन ती परत आली. मी होतो तिथंच होतो. माझं पाणी पिऊन होईस्तोवर ती नुसती उभी राहिली. चौकट तिनं पुन्हा धरली नाही.