साका येणारच, असं मी म्हणाले होते

कांबळे सर वारले. आणि मी त्यांच्याशी अबोला धरून बसले होते.

सकाळी निपाणीहून शिवलीलाचा फोन आला. ती माझी पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची मैत्रीण. घरची कन्नड, पण माझ्याशी कायम मराठीत बोलते. आज तिच्या तोंडून कन्नडच निघालं.

"सर होदरु, स्मिता."

"कुठे गेले?"

खरंच असं विचारलं मी. तव्यावर डोसा होता, तो उलटलासुद्धा.

"गेले गं. नळाला पाणी आलं म्हणून उठले, मोटर चालू केली आणि तिथंच खाली बसले. अटॅक."

डोकं अजून चालत नाहीये. निपाणीला जाऊन आत्ता संध्याकाळी बेळगावात, टिळकवाडीत परत आले आणि जमेल तसं लिहितेय. सांभाळून घ्या.

सर आम्हाला केमिस्ट्री शिकवायचे.

दोन क्षार वेगवेगळे पाण्यात विरघळवायचे, मग ती पाणी एकत्र ओतायची. तळाशी काही बसेल का, हे आधीच ओळखायचं. इंग्रजी पुस्तकात त्याला प्रेसिपिटेट म्हणायचे. सर म्हणायचे साका. भांड्याच्या बुडाशी बसतो तोच.

"आदी बोल, मग वत."

हा त्यांचा नियम. अंदाज न सांगता ओतलं की टेस्ट ट्यूब हातातून काढून घ्यायचे. मग तुम्ही कितीही तोंड पाडा.

"सोडियम, पोटॅशियम, अमोनियम, नायट्रेट. ह्यांचं समद्यांशी जमतंय. ही खाली बसायची न्हाईत. ह्यांना सोडा आन् ऱ्हायलेल्यांची जोडी बगा."

मराठी शाळेतून आलेली मी, इंग्रजी पुस्तक उघडलं की रडायचे. आर्ट्सला जायचा फॉर्मसुद्धा आणला होता. सरांच्या या बोलण्यामुळे तो भरायचा राहिला.

आता शिवलीलाचा किस्सा. आमच्या बॅचला पाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगते.

प्रॅक्टिकल चालू होतं. तिच्या नळीत लेड नायट्रेटचं पाणी, आणि ती वरून मिठाच्या पाण्याचे थेंब सोडत होती. लांबून सर ओरडले, "शिवलीला, साका?"

तिने ड्रॉपर खाली ठेवला. "साकु, सर."

सर आले. नळी स्वच्छ. "कुटं हाय साका?"

"तुम्हीच विचारलं की सर, साका म्हणून. मी साकु म्हटलं."

कन्नडमध्ये साका म्हणजे पुरे का. साकु म्हणजे पुरे.

वर्गात हशा फुटला. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

सर हसले नाहीत. नळी उजेडाकडे धरून बघत राहिले आणि म्हणाले, "गप बसा रं. हिचंच बरोबर हाय. पुरंसं पडलं न्हाय, म्हणून साका बसला न्हाय. दोन्ही सवाल एकच की! घाल गं अजून, जरा दाट मिठाचं घाल."

तिने घातलं. पांढरं काहीतरी हळूहळू तळाशी उतरलं. शिवलीलाची मान ताठ झाली ती वर्षभर ताठच राहिली.

त्या दिवशी मी तिथे होते. हे लिहिताना मला माझी लाज वाटतेय.

कारण आता मी स्वतः केमिस्ट्री शिकवते. बेळगावात, कॉलेजमध्ये. आणि पंधरा दिवसांपूर्वी मी एक रील केलं. शहाणपणाने सांगितलं, "लेड आणि क्लोराइड भेटले की साका येणारच. काय विरघळतं त्याचं टेबल पाठ करा, डोळे मिटून लिहा."

कौतुक व्हावं म्हणून आमच्या जुन्या ग्रुपवर टाकलं. खाली सरांचा मेसेज आला.

"डोळे मिटून नको गं. किती विरघळवलंयस ते आधी सांग. लई पातळ असलं तर काय बसत न्हाय."

सगळ्यांसमोर! मला झोंबलं. मी लिहिलं, "सर, आता परीक्षेत एवढं कोणी विचारत नाही. तुमचा काळ वेगळा होता."

सरांनी अंगठा पाठवला. मी ग्रुप सोडला.

काल लॅब रिकामी होती. लेड नायट्रेट अगदी पातळ केलं, मिठाचं पाणीही पातळ. टेबलाप्रमाणे अंदाज बोलून दाखवला आणि ओतलं.

काही नाही. हलवलं, थांबले. पिण्याच्या पाण्यासारखं नितळ.

सरांचं बरोबर होतं आणि हे त्यांनी मला आधी एकदा डोळ्यांसमोर दाखवलंही होतं. ठरवलं, रविवारी निपाणीला जायचं, पाया पडायचं आणि चुकले म्हणायचं. फोन केला नाही. असलं फोनवर कसं बोलणार?

आज शनिवार.

पोचले तेव्हा बुद्धवंदना चालू होती. मी मागे उभी राहिले. सर झोपलेले दिसत होते, आणि मला वाटत होतं, आता उठून विचारतील, "साका?"

नंतर काकूंनी, सरांच्या मिसेसनी, हाताला धरून आत नेलं.

"पंधरा दिस झालं, तुजंच चाललं हुतं," त्या म्हणाल्या. "पोरगी आता सोता शिकवती, तिच्या बरूबरची समदी बगत्यात, आन् मी चारचौघांत तिची चूक काडली म्हणं. उद्या पैल्या गाडीनं बेळगावला जातो, माफी मागून येतो म्हणालते काल राती."

खुंटीला इस्त्रीचा शर्ट लावलेला होता.

चूक त्यांची नव्हती, एवढंसुद्धा काकूंना सांगता आलं नाही. नुसती रडत बसले.

म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. सर बरोबर होते. मी चुकले, वर उलट बोलले. रील काढून टाकलंय.

सर, तुम्ही माझे अपराधी असल्यासारखे गेलात. हे मी कुठे ठेवू?

जयभीम, सर.