चांदमारीच्या माळावरच्या बिराजदार बाई

प्राध्यापिका निर्मला बिराजदार यांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या हातात लाल रंगाचा डबा होता. सोलापुरातला आपला जुना तळ रिकामा करून लष्कराने ती जागा महापालिकेकडे सोपवली होती. तेथे सार्वजनिक बाग करायचे ठरले होते. उद्यान विभागात मी तेव्हा कनिष्ठ अभियंता होतो आणि तोडायच्या झाडांवर फुल्या मारण्याचे काम माझ्याकडे आले होते. पायात बूट, डोक्यावर पदर आणि हातात भिंग अशा एक बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"हे कुठलं झाड?" त्यांनी विचारले.

"काटेरी आहे. बाभूळ असेल."

"हिवर आहे. बुंधा पांढरट आहे, बघा. नाव माहीत नसताना फुली मारलीत?"

मला राग आला होता, हे आज कबूल करतो. पहारेकऱ्याने सांगितले की, या बाई नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांनी निम्म्या शहराला वनस्पतिशास्त्र शिकवले आहे. दुसऱ्या दिवशी बाई वही घेऊन पुन्हा आल्या आणि मला प्रत्येक झाडापाशी घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत बहुतेक फुल्या मी स्वतःच खरवडून काढल्या.

तळाच्या मागच्या बाजूला चांदमारी होती. जवानांच्या नेमबाजीच्या सरावाचे ते मैदान, शेवटी मातीचे उंच टेकाड. मला तेथे नुसता ओसाड माळ दिसत होता. बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं इथं कुणी नांगर घातला नाही, की घर बांधलं नाही. गोळ्यांच्या भीतीनं का होईना, हा माळ टिकला. आता बागेच्या हौसेपायी तो घालवू नका."

पण मंजूर आराखड्यात हिरवळ होती, कारंजी होती. बाईंनी अर्ज केले, बैठकांना बसल्या. कोणी ऐकले नाही. फाटकाजवळ हिरवळीचा पहिला तुकडा मीच करून घेतला आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता. मग उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा आणि सोलापूरचे पाणी यांविषयी बाईंच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांना मी वेगळे काय सांगावे? रोज एक टँकर हिरवळीसाठी येऊ लागला. एका दुपारी भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. त्यांतली एक मला म्हणाली, "गवताला पानी हाय, आन् आमाला न्हाय व्हय?"

मी टँकरचा नळ त्यांच्यासाठी सोडला.

चार दिवसांत मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. नोकरी नवी होती, घरी आई आजारी होती. मी घाबरून गेलो. बाईंना हे कोणाकडून कळले ते मला ठाऊक नाही, पण मी वरिष्ठांसमोर उभा असताना त्या केबिनमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "पाणी सोडायला मी सांगितलं. यांनी फक्त नळ फिरवला. कारणं मी दाखवते." मग त्यांनी साहेबांना अर्धा तास समजावून सांगितले की, त्या एवढ्याशा तुकड्याला किती पाणी लागते, आणि तेवढ्यात किती घरांची तहान भागते. नोटीस मागे घेतली गेली. हिरवळीचा टँकर बंद झाला, हिरवळ करपली आणि कारंज्यांचे नकाशे कपाटात गेले.

खरी गोष्ट अशी की, त्या दुपारी बाई तेथे नव्हत्याच. परीक्षेतला अर्धा गुणही उगाच न देणाऱ्या बाई माझ्यासाठी धडधडीत खोटे बोलल्या होत्या. हे लिहिण्याची परवानगी मागायला मी गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "खोटं कसलं? तिथं असते तर हेच सांगितलं असतं." मी आभार मानू लागलो. बाई अक्कलकोटकडच्या, फार झाले की त्या कन्नडवर येतात. "साकु," म्हणाल्या. पुरे.

त्या उन्हाळ्यानंतर आराखडा नव्याने करण्याचे काम बाईंच्या सल्ल्याने सुरू झाले. हिवर, कडुनिंब, बोर, पळस ही असलेली झाडे राखायची आणि चांदमारीचा माळ माळच ठेवायचा, असे ठरले. त्यासाठी मी चारही बाजूंनी तारेचे पक्के कुंपण घातले. महिनाभरात ते एका जागी कापलेले आढळले. पहारेकऱ्याने धोंडिबा नावाच्या मेंढपाळाला पकडून आणले. मी पोलिसांना बोलावणार होतो. बाई मात्र धोंडिबांसमोर मातीत बसल्या आणि तार का कापली, असे त्यांनी विचारले.

"माज्या बापाच्या येळंपास्नं गोळीबार नसंल तवा मिल्ट्रीवाले आमाला आत सोडायचे," धोंडिबा म्हणाले. "आन् बाग सगळ्यांची झाली म्हनं, तर आमीच भायेर व्हय?"

बाईंनी धोंडिबांना माळावर नेले आणि प्रत्येक गवताचे नाव विचारले. धोंडिबा सांगत गेले आणि बाई वहीत लिहीत गेल्या. "ही कुसळी. ही लोकरीत घुसती, आदी कापायची. ह्यो पवन्या. बी पडंस्तवर ह्येला हात लावायचा न्हाय." त्याच बोलण्यातून आजची व्यवस्था ठरली. दिवाळीनंतर, बी पडून गेल्यावर, मेंढरे दोन महिने माळावर येतात. एरवी धोंडिबांचे कुटुंब सांगेल तेव्हाच गवत कापले जाते. आज मुलांच्या सहली येतात तेव्हा बाई झाडे दाखवतात, पण गवतापाशी आल्या की बाजूला होतात आणि धोंडिबांना पुढे करतात.

बाई कधीच चुकल्या नाहीत असे लिहिले, तर त्या मला हा लेख परत पाठवतील. माळाजवळ एकही बाक नको, असा त्यांचा हट्ट होता. बाग उघडली त्या आठवड्यात शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई, जन्मभर विड्या वळून गुडघे धरलेल्या, काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "बाई, तुमची झाडं लई चांगली हायेत. पन बसायचं कुटं? मी काय मेंढरू हाय का?" बाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग माझ्याकडे वळून सर्वांसमोर म्हणाल्या, "माझं चुकलं. बाक करा." पडलेल्या बराकींच्या फरशांचे बाक आम्ही पंधरा दिवसांत बसवले.

आज सकाळी त्या बाकांवर जागा मिळत नाही. वस्तीतल्या बायका चालायला येतात, चिंचोळीच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेले कामगार कडुनिंबाखाली आडवे होतात, आणि हिवाळ्यात माळावरून चंडोल उडतात. गोळ्यांच्या भीतीने टिकलेला माळ आता लोकांनीच राखलेला आहे.

बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. मीही आता कनिष्ठ राहिलेलो नाही. उत्तरेकडच्या चार बराकी अजून छपराविना उभ्या आहेत आणि त्यांवरून बाईंचे आणि माझे तीन वर्षे भांडण चालू आहे. मला त्या दुरुस्त करून तेथे वाचनालय करायचे आहे. बाई म्हणतात की, त्यांत पिंगळ्यांची घरटी आहेत, हात लावायचा नाही. दर रविवारी त्या नवा मुद्दा काढतात, आणि मी घरी जाऊन त्याचे उत्तर शोधतो. बाईंची प्रकृती उत्तम राहो, चालणे थांबू नये, नजर अशीच तीक्ष्ण राहो. या भांडणात शेवटी मीच हरणार, हे मला माहीत आहे. मला हरवायला त्यांना अजून खूप खूप वर्षे लागोत, एवढीच माझी प्रार्थना.