शेळी क्रमांक चारची रेषा

चालत्या शेळीच्या मेंदूतलं रक्त माणसाला प्रथम दिसलं ते तोरणमाळच्या पायथ्याशी — असं आमच्या अहवालात लिहिलंय. वाक्य माझंच आहे. त्यामागचं मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

मी त्या प्रकल्पाचा पशुवैद्य. शेळीच्या टाळूवरचे केस काढायचे, टोपीसारखं हलकं यंत्र बांधायचं. त्यातला प्रकाश कवटीतून आत जायचा, आणि ती चरत-चढत असताना मेंदूतलं रक्त कसं वाहतं त्याची रेषा पडद्यावर उमटायची. शेळ्या गावातल्याच. चार नंबरची सुमनबाईंची — गाभण.

पाहुणे येणार त्या सकाळी सुमनबाई म्हणाल्या, "भाऊ, इन्हं काही खरं नही. सकायपशी भितले डोकं टेकीसन उभी शे."

भिंतीला डोकं टेकणारी शेळी म्हणजे मेंदूचं दुखणं, हे पशुवैद्याला कुणी सांगावं लागतं का? रेषाही खाली-खाली चालली होती. पण बाहेर मांडव होता, हार होते, तीन भाषणं होती — आणि बाकीच्या टोप्या आदल्या दिवशीच बंद पडलेल्या.

टोपी मी उतरवली. उतरवली — आणि गोठ्यामागे जाऊन स्वतःच्या कपाळावर बांधली. फेऱ्या मारल्या. मांडवातल्या पडद्यावर रेषा झोकात चालू लागली, टाळ्या पडल्या.

एवढंच असतं तर कधीतरी हसून सांगितलंही असतं. पण सुमनबाई पडद्यापाशीच उभ्या होत्या. मी परत आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मशीन काय म्हणस?"

"चांगली शे म्हणस, मावशी."

त्यांच्याच बोलीत. खोटं बोलताना तेवढी आपुलकी सुचली.

भाषणं संपल्यावर तरी सुई टोचता आली असती. पण निरोगी शेळीला सुई कशाला, असं कुणी विचारलं असतं तर? — मी टोचली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली. पोटात दोन पिल्लं होती.

सुमनबाईंनी मला बोल लावला नाही. म्हणाल्या, "मशीन का खोटं बोलस? मन्हीच नजर लागनी." तेव्हापासून त्या कुणाच्या गोठ्यावरून गेल्या, की पदर डोळ्यांवर ओढून जातात. मी पाहिलंय. पाहून रस्ता बदललाय.

ती रेषा आमच्या संस्थेच्या दालनात काचेत लावली आहे. खाली लिहिलंय — शेळी क्रमांक चार, निरोगी.

मला रक्तदाबाची गोळी तेव्हाही चालू होती.